धुळीचा कण: ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ पुन्हा वाचताना

गंगापूर रोडवर धुळीविषयी बोलायचं तर कुसुमाग्रजांपासून सुरुवात करायला हवी. त्यांचं स्मारक इथेच आहे. ‘विशाखा’तलं (1942) ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. शेवटी पृथ्वी सूर्यापुढे स्वतःला धुळीचा कण म्हणवून घेते. हे आपण नम्रता म्हणून वाचत आलो, शिकवतही आलो. तेज वर, धूळ खाली. चरणधुळीच्या आपल्या परंपरेत हे वाचन सहज बसतं.

पण धूळ म्हणजे काय, हे आपण विचारलंच नाही. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतही धूळ असते. बहुतेक कण मायक्रॉनहून बारीक, सिलिकेटचे आणि कार्बनचे. तिचा झोत आजही सेकंदाला सुमारे 26 किलोमीटर वेगाने आपल्या सूर्यमालेतून वाहतो. 1990 मध्ये निघालेल्या युलिसिस यानाने तो टिपला. पुढे कॅसिनी यानाने शनीजवळ असे 36 कण तपासले. त्यांत मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह, कॅल्शियम सापडलं, म्हणजे आपल्या खडकांतलीच मूलद्रव्यं. सूर्य आणि पृथ्वी दोघंही सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी अशाच वायू-धुळीच्या ढगातून घडले. मग धूळ खालची कशी? ती तर दोघांच्याही आधीची.

आता, कवीला हे सगळं आधीच ठाऊक होतं, असं म्हणायचं का? ही आपली जुनी खोड. ती टाळू या. कवितेला विज्ञानाचा शिक्का लागत नाही.

आमचा मुद्दा वेगळा आहे. नम्रतेचं वाचन कवितेलाच पुरत नाही. ही पृथ्वी शुक्र, मंगळ, धूमकेतू यांची आर्जवं नाकारते आणि सूर्यापासूनचं अंतर पत्करते. लाचाराला निवड नसते, हिला आहे.

इथे भौतिकी थोडी कामाला येते. बाहेरून येणाऱ्या धुळीतल्या काही बारीक कणांना सूर्याचा प्रकाशच परत लोटतो. पृथ्वीला तो लोटू शकत नाही. ती सूर्याच्या ओढीतच आहे, आणि तरी त्याच्यात पडत नाही, ती स्वतःच्या गतीमुळे. युगानुयुगे धावण्याची तक्रार कवितेत तीच तर करते!

म्हणून आम्ही म्हणतो, ती स्वतःला कण म्हणवते, पण कणासारखी वागत नाही. शब्द शरणागतीचा, चाल स्वतःची. या दोहोंतला ताण सुटला, तर हातात नुसती भक्ती उरते आणि प्रेमगीत हरवतं.