चौसष्ट घरांची रणभूमी : हातात मावणारे डावपेचांचे व्हिडिओ गेम

हँडहेल्ड कन्सोलवर खेळायच्या युद्धखेळांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एकात राज्य चालवावे लागते: शहरे वसवणे, खजिना भरणे, शेजाऱ्याशी तह करायचा की लढाई हे ठरवणे. दुसऱ्यात फौज आधीच मैदानात उतरलेली असते आणि प्रश्न एवढाच उरतो, की कोणत्या तुकडीने कोणत्या घरात जाऊन कोणावर वार करायचा. पहिला व्यूहनीतीचा खेळ, दुसरा डावपेचांचा. दोन्हींची मुळे पटावरच्या बैठ्या खेळांत आहेत. पण हातातल्या छोट्या पडद्यावर खरी भरभराट झाली ती दुसऱ्याची. अशा बहुतेक खेळांत चाल आळीपाळीने असते, त्यामुळे खेळाडू विचारात पडला तरी काही बिघडत नाही. उतरायचे स्टेशन आले की यंत्र झोपवावे. रात्री पुन्हा उघडल्यावर मोहरे जिथल्या तिथे उभे असतात.

या प्रकाराची पारख करताना एक कसोटी सतत उपयोगी पडते. छोटा पडदा ही त्या खेळाच्या कर्त्यांना अडचण वाटली, की त्यांनी तो नियम म्हणून स्वीकारला? ज्यांनी नियम म्हणून स्वीकारला त्यांच्या खेळांत जवळजवळ सगळा पट एका नजरेत येतो, लढाई एका बैठकीत संपते आणि हरल्यावर आपले कुठे चुकले ते खेळाडूला कळते. ज्यांनी मोठ्या पडद्यावरचा खेळ उचलून लहान चौकटीत कोंबला, त्यांच्या खेळात डोळे बारीक करून अक्षरे वाचण्यातच निम्मी शक्ती खर्च होते.

ही परंपरा जपानी आहे आणि तिच्यात इंटेलिजंट सिस्टिम्स या एका कंपनीचा वाटा फार मोठा आहे. १९८८ मध्ये निंटेंडोच्या घरगुती कन्सोलसाठी तिने 'फॅमिकॉम वॉर्स' केला, १९९० मध्ये 'फायर एम्ब्लेम'. चार छटांच्या गेम बॉयवरही १९९१ मध्ये 'गेम बॉय वॉर्स' आला, पण तो जपानबाहेर गेला नाही. बाकीच्या जगाला या खेळांची ओळख झाली ती २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सवर. त्याचा पडदा आडवे २४० आणि उभे १६० ठिपके एवढाच, शिवाय मागून उजेड नाही. दिव्याखाली बसून खेळावे लागे. या पडद्यासाठी केलेला 'ॲडव्हान्स वॉर्स' आजही या प्रकाराचे पाठ्यपुस्तक म्हणून चालेल.

त्यातला शहर ताब्यात घेण्याचा एकच नियम जवळून पाहण्यासारखा आहे. पायदळाची तुकडी १००० ला मिळते, साधा रणगाडा ७००० ला आणि ताब्यातले प्रत्येक शहर दर फेरीला १००० देते. शहर घ्यायला २० गुण लागतात. तुकडीची जेवढी शक्ती शिल्लक असेल तेवढे गुण एका फेरीत फिटतात. पुरती शक्ती १०, म्हणजे धडधाकट तुकडी दोन फेऱ्यांत शहर घेते. आता शत्रूच्या तोफेने तिला नुसते ओरखडले आणि शक्ती ९ वर आली, तर दोन फेऱ्यांत १८ च गुण होतात. तिसरी फेरी लागते. एका गुणाच्या जखमेने एक अख्खी फेरी गेली आणि त्या फेरीचे १००० ही बुडाले. पोराटोरांच्या रंगीत चित्रांआड हा असला काटेकोर हिशेब चाललेला असतो आणि तो करायला बोटांवरची बेरीज पुरते. यात नशिबाला जागा अगदी थोडी आहे. हल्ला करण्यापूर्वीच साधारण किती नुकसान होईल याचा आकडा समोर दिसतो, म्हणून पराभवाचे खापर दुसऱ्या कशावर फोडता येत नाही.

या खेळाच्या नशिबी मात्र खरी युद्धे आडवी आली. अमेरिकेत तो १० सप्टेंबर २००१ रोजी विक्रीला आला आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. युरोपातले प्रकाशन पुढल्या वर्षावर गेले. जपानमध्ये तर तो २००४ मध्ये, दुसऱ्या भागासोबत एकाच काडतुसात निघाला. वीस वर्षांनी वेफॉरवर्ड या कंपनीने दोन्ही भाग 'ॲडव्हान्स वॉर्स १+२ : री-बूट कॅम्प' या नावाने निंटेंडोच्या स्विच कन्सोलसाठी नव्याने घडवले. ते एप्रिल २०२२ मध्ये येणार होते. त्याआधी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि खेळ थेट एप्रिल २०२३ मध्ये बाहेर आला. नव्या आवृत्तीतली प्लास्टिकच्या खेळण्यांसारखी चित्रे जुन्या ठिपक्यांच्या तोडीची नाहीत. नियमांना मात्र धक्का लागलेला नाही आणि आजच्या खेळाडूला सहज मिळणारी आवृत्ती हीच आहे.

'फायर एम्ब्लेम' हे त्याच घरातले दुसरे अपत्य, स्वभावाने अगदी उलट. 'ॲडव्हान्स वॉर्स'मधल्या तुकड्या निनावी असतात. इथे प्रत्येक मोहऱ्याला नाव, चेहरा आणि गणगोत आहे आणि पडला तो कायमचा गेला. जपानबाहेर पहिला भाग २००३ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवरच आला. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला, हे त्रिकूट पाठ केले की निम्मा खेळ कळतो. उरलेला निम्मा टक्केवारीत दडला आहे. वार लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवली, तर प्रत्यक्षात ती सुमारे ९८ असते; १० दाखवली तर जेमतेम २. याचे कारण असे, की गेम बॉय ॲडव्हान्सच्या काळापासून बऱ्याच भागांत यंत्र एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्या काढून त्यांची सरासरी धरते. ही लबाडीच, पण समंजस लबाडी. नव्वद म्हणजे जवळपास खात्री असे माणूस धरून चालतो आणि दहात एकदा वार चुकला तरी अन्याय झाला म्हणून चिडतो. खेळाने गणित माणसाच्या समजुतीकडे झुकवले.

कायमच्या मरणाचा नियम मात्र नवख्यांना जड जाई. एक मोहरा गमावला की बरेच जण लढाई पहिल्यापासून सुरू करत, म्हणजे नियम कागदावरच राहिला. २०१० च्या निंटेंडो डीएसवरील भागापासून पडलेला मोहरा पुढच्या लढाईत परत मिळणारी सौम्य पद्धत आली. २०१२ मध्ये थ्रीडीएसवर आलेल्या 'अवेकनिंग'पर्यंत मालिकेचा खप इतका घसरला होता, की तो शेवटचाच भाग ठरेल अशी धास्ती खुद्द कर्त्यांना होती. तो भाग गाजला आणि मालिका तरली. चाल मागे घेण्याची सोय हा यावरचा आणखी चांगला तोडगा. 'टॅक्टिक्स ओगर'च्या २०१० मधल्या, सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डवरच्या आवृत्तीत ५० चालींपर्यंत मागे जाता येई. पुढे 'फायर एम्ब्लेम'नेही मोजक्याच वेळा वापरायची तशी सोय दिली. शुद्धिवादी नाक मुरडतात. पण धावत्या बसमध्ये अंगठा घसरला म्हणून सरदार मारणे याला डावपेच म्हणत नाहीत.

स्विचवरच्या दोन भागांत निवड करायची तर काय हवे ते आधी ठरवावे. 'थ्री हाउसेस' (२०१९) मध्ये लढाईइतकाच वेळ मठातल्या विद्यापीठात जातो: शिकवणे, मासे पकडणे, विद्यार्थ्यांना चहाला बोलावणे. कथा दमदार आहे, पट मात्र बेताचे आणि अक्षरे बारीक. 'एंगेज' (२०२३) ची कथा बालिश आहे. संवाद बिनदिक्कत पुढे ढकलावेत, काही बुडत नाही. पण त्यातले पट विचारपूर्वक रचलेले आहेत आणि शस्त्रांच्या त्रिकुटाला नवी धार आहे: भारी शस्त्राचा वार बसला की समोरच्याच्या हातून शस्त्र गळते आणि उलट वार करता येत नाही. डावपेचांसाठी खेळणाऱ्याने 'एंगेज'च घ्यावा.

तिसरी शाखा यासुमी मात्सुनो यांची. 'टॅक्टिक्स ओगर' (१९९५) आणि 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' (१९९७) हे त्यांचे दोन्ही खेळ मुळात दूरदर्शन संचापुढे बसून खेळायचे, पण त्यांना दीर्घायुष्य दिले ते हँडहेल्डने. यात पटाला उंची असते; टेकडीवरच्या तिरंदाजाचा बाण लांब जातो आणि पाठीवरचा वार सहसा चुकत नाही. सरंजामी घराण्यांचे राजकारण, फितुरी, धर्मपीठाचे कारस्थान यांनी कथा गच्च भरलेली. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'ची २००७ मधली पीएसपी आवृत्ती भाषांतरात सरस होती, पण मंत्र सोडला की यंत्र धापा टाकू लागे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'द इव्हॅलिस क्रॉनिकल्स' या आवृत्तीत तो दोष नाही. 'टॅक्टिक्स ओगर : रीबॉर्न'ही २०२२ पासून उपलब्ध आहे, दोन्हींत एकच निवडायचा तर 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'. याच वळणाचा नवा खेळ म्हणजे 'ट्रँगल स्ट्रॅटेजी' (२०२२). मीठ आणि लोखंड यांवरून तीन राज्ये भांडतात आणि मोठा निर्णय आला की नायकाचे साथीदार तराजूत नाणी टाकून मत देतात. नायकाला मनधरणी करता येते, हुकूम सोडता येत नाही. कल्पना सुरेख आहे. पहिले काही तास मात्र बोलण्यातच जातात, हे घेणाऱ्याने जाणून असावे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रकार संगणकावर वाढला आणि माउसला सरावला, त्यामुळे हातातल्या यंत्रावर तो उशिरा आला. मूळ 'एक्स-कॉम'चे कर्ते ज्युलियन गोलॉप यांनी २०११ मध्ये थ्रीडीएससाठी 'घोस्ट रिकॉन : शॅडो वॉर्स' केला, नावामुळे तो गोळीबाराचाच खेळ समजला गेला आणि दुर्लक्षित राहिला. उबिसॉफ्टच्या मिलान शाखेच्या 'मारिओ + रॅबिड्स : किंगडम बॅटल'ने (२०१७) टक्केवारीचा घोळ झटक्यात मिटवला: उघड्यावरच्या शत्रूला गोळी शंभर टक्के लागते, अर्ध्या आडोशामागच्याला पन्नास, पूर्ण आडोशामागच्याला शून्य. मुलांसोबत खेळायला याहून बरी सुरुवात नाही.

आणि मग 'इनटू द ब्रीच'. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांच्या सबसेट गेम्सने तो २०१८ मध्ये आधी संगणकावर आणि त्याच वर्षी स्विचवर आणला. पट आठ बाय आठ, म्हणजे बुद्धिबळाइतकाच. खेळाडूकडे यंत्रमानव तीनच. लढाई बहुधा पाच फेऱ्यांची. जमिनीतून निघणारे राक्षसी किडे आपली पुढची चाल आधीच दाखवून ठेवतात: हा या इमारतीवर धडकणार, तो त्या यंत्रमानवाला डसणार. शत्रू काय करणार हे ओळखण्याचा प्रश्न संपला. उरला तो हे होऊ कसे द्यायचे नाही हा.

समजा, एक किडा डावीकडच्या घरावर हल्ला करायच्या बेतात आहे आणि त्याला मारण्याएवढी ताकद जवळ नाही. ठोसा मारला तर तो एक घर सरकतो. हल्ल्याची दिशा मात्र डावीच राहते. सरकल्यावर त्याच्या डावीला त्याचाच भाऊबंद उभा असेल, तर इमारत वाचली आणि शत्रूने शत्रूला मारले. मागे पाणी असेल तर तो बुडालाच. जिथून नवा किडा वर येणार त्या घरावर यंत्रमानव उभा करून बीळ बुजवता येते, बदल्यात एक जखम सोसावी लागते. कधी यंत्रमानवाने मार खाऊन इमारत वाचवणे हीच सर्वांत शहाणी चाल ठरते, कारण शहराची वीज संपली की डाव संपला. लढाईतून एकदाच अख्खी फेरी मागे घेता येते. नशिबाला दार जवळपास बंद आहे; एवढेच की इमारत हल्ल्यातूनही टिकून जाण्याची थोडी शक्यता असते आणि ती सदैव खेळाडूच्या बाजूने पडते. इतक्या थोड्या साहित्यात इतका विचार करायला लावणारा दुसरा खेळ या यादीत नाही.

व्यूहनीतीच्या मोठ्या खेळांची कथा वेगळी. 'सिव्हिलायझेशन ६' २०१८ पासून स्विचवर आहे आणि अश्मयुगापासून अवकाशयुगापर्यंतचा इतिहास त्यात खरोखर मावतो. पण डाव उत्तरार्धात पोचला की संगणकाची चाल संपेपर्यंत हात बांधून बसावे लागते. 'एक्सकॉम २'ची स्विचवरची आवृत्तीही (२०२०) धूसर चित्रांची आणि रेंगाळणारी. असे खेळ २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकवर बरे चालतात: सात इंची पडदा, माउसची उणीव भरून काढणारे दोन स्पर्शफलक आणि संगणकाचे मूळ खेळ. चित्रांचा वेग सेकंदाला ३० वर बांधून ठेवला तर बॅटरी अधिक टिकते. आळीपाळीच्या खेळात त्याने काही अडत नाही. तरीही या यंत्राने एक शिस्त सैल केली आहे. आता काहीही चालते, म्हणून हातातल्या पडद्यासाठी मुद्दाम पट आखण्याची गरज फार थोड्यांना वाटते आणि मोठ्या मॉनिटरसाठीची बारीक अक्षरे तशीच हातात येतात.

जुन्या खेळांची उपलब्धता हा आणखी एक दुखरा भाग. मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान बंद झाले. 'अवेकनिंग' आणि 'शॅडो वॉर्स' आता जुन्या काडतुसांतच मिळतात, तेही विकणारा सांगेल त्या भावाला. २००३ चा 'फायर एम्ब्लेम' मात्र स्विचच्या महागड्या वर्गणीत समाविष्ट आहे.

एकच खेळ घ्यायचा असेल त्याने 'इनटू द ब्रीच' घ्यावा, तोही सोप्या पातळीवर सुरू करून. पहिले दोन-तीन डाव हरणारच. फौज आणि खजिना दोन्ही सांभाळण्याची हौस असेल तर 'ॲडव्हान्स वॉर्स १+२', लांब कथा हवी असेल तर 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'. आणि 'फायर एम्ब्लेम'ची कोणतीही आवृत्ती हाती आली, तरी पहिल्या खेपेस सौम्य पद्धत निवडायला लाजू नये; मोहरे कायमचे मरू देण्याची हौस दुसऱ्या खेपेस भागवता येते.