ताट आमचे, चिठ्ठी कोणाची?

अलीकडे इथल्या शाळांतून, महोत्सवांतून ‘भारतीय टेबल’ मांडतात. समोशाशेजारी मलिदा असतो व पुढे चिठ्ठी : ‘भारतीय गोड पदार्थ’. चिठ्ठी खोटी नाही, पण अपुरी आहे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि भोवती फळे असे हे ताट एलियाहू हन्नाबीच्या नावाने, नवस फेडताना किंवा मंगलकार्याला मांडतात. झाडाच्या फळाची बेराखा निराळी, केळ्याची निराळी. बेराखेआधी कोणी मनुका उचलली तर आजीचा हात बसे! (मलिदा लाटणारे ते वेगळे.)

दुसऱ्यांनी आपले घेऊच नये, असे मी म्हणत नाही. आपण तरी कुठे सोवळे आहोत? मलिदा हा शब्दच फारसी. मुसलमान शेजारी दर्ग्यावर मलिदा चढवीत. 1880 च्या सुमारास दावीद हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी कीर्तन उचलले, ते हरिदासांचे. पण नाव कीर्तनच ठेवले. कथा तेवढ्या अब्राहामाच्या, योसेफाच्या, मोशेच्या. शिवाय घेणारे मूठभर होते, त्यामुळे देणाऱ्याच्या हातून काही गेले नाही. मोठ्याने लहानाचे घेतले, की हिशेब बदलतो.

मिमुनाचे पाहा. पेसाह संपल्या रात्रीचा हा मोरोक्कन ज्यूंचा सण. 1966 पासून तो इस्राएलात सार्वजनिक होत गेला. माझ्या नर्सिंगच्या दिवसांत मोरोक्कन मैत्रिणी मुफलेटा आणीत आणि सारा वॉर्ड मध लावून खाई. हिणवल्या गेलेल्या समाजाला त्या सणाने मान मिळाला, हे खरेच. पण पुढाऱ्यांच्या गर्दीत एक माणूस दिसेनासा झाला : मोरोक्कोत त्या रात्री पीठ, लोणी, दूध घेऊन दारी येणारा मुसलमान शेजारी.

आपले दुखणे याहून जुने आहे. 1962 साली रब्बीनेटने आपल्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी लावली. बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, हे 1964 साली क्नेसेटला ठरावाने सांगावे लागले, तेही आपली माणसे रस्त्यावर उतरल्यावर. म्हणून ‘भारतीय’ एवढ्या चिठ्ठीने माझे समाधान होत नाही. ज्या ताटावर आपण हिब्रू प्रार्थना म्हणतो, त्यातून नेमके ज्यूपण गाळले जाते.

नातवंडांच्या शाळेने मलिदा मागितला तर जरूर द्यावा. फक्त बेराखा म्हणणारे कोणी सोबत जावे, आणि चिठ्ठी आपणच लिहावी, ठळक हिब्रूत.