बायबलांतील कथा व इंग्रजी शब्दसंग्रह : पनवेलच्या बेने इस्राएलांच्या निमित्तानें

मिशनऱ्यांनीं बायबलांतील कथांच्या द्वारें इंग्रजी शिकविलें, त्यांत भाषा हें निमित्त व धर्मांतर हा हेतु होता, असें ठोकळ मत आपल्याकडे रूढ आहे. हेतूविषयीं तें खोटें नाहीं. परंतु पद्धतीच्या गुणदोषांचा निर्णय त्यानें होत नाहीं. पनवेलीं तर तें अपुरेंच पडतें. येथें १८४९ मध्यें बेने इस्राएलांचें बेथ एल हें प्रार्थनामंदिर स्थापन झालें. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून कोंकणांत 'शनवार तेली' या नांवानें ओळखला जाणारा हा मराठीभाषी समाज. अब्राहाम, योसेफ हे त्यास परके पुरुष नव्हेत, पूर्वजच होत.

अमेरिकन मिशन मुंबईस १८१३ मध्यें आलें. त्याच्या शाळांत प्रथम शिक्षण मराठींतून होई, व बेने इस्राएल मुलांप्रमाणेंच त्या समाजांतील शिक्षकही तेथें होते. पुढें जॉन विल्सन यांनीं याच समाजासाठीं हिब्रू व्याकरण मराठींतून लिहून १८३२ मध्यें छापविलें. ख्रिस्ती झाले ते अगदीं थोडे; पण मराठी बायबलामुळें स्वतःच्या ग्रंथाचा परिचय मात्र अनेकांस झाला. तात्पर्य, कथा आधीं मराठींत कळली व इंग्रजी शब्द मागून आला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

कारण या पद्धतीचें बळ त्यांतच आहे. विहीर, तंबू, मेंढरूं, भाकर, दुष्काळ, स्वप्न, भाऊ हे शब्द उत्पत्तीच्या पुस्तकांत पुनःपुन्हां येतात. योसेफास भावांनीं खड्ड्यांत टाकिलें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास 'पिट' शब्दाचा अर्थ पाठ करावा लागत नाहीं. सुट्या शब्दांच्या याद्यांपेक्षां ही रीत निःसंशय श्रेष्ठ होय.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत 'मीट' म्हणजे सर्वसाधारण अन्न. तेथें मनुष्यास वनस्पतिही 'मीट' म्हणूनच दिल्या आहेत. 'सफर' म्हणजे होऊं देणें, 'प्रिव्हेंट' म्हणजे आधीं जाणें, 'लेट' म्हणजे प्रसंगीं अडविणें. 'कॉर्न' म्हणजे धान्य. परंतु अमेरिकन मनुष्याच्या तोंडीं तोच शब्द मक्याचा वाचक. या भांडवलावर कचेरींत अर्ज लिहूं जाणाऱ्याची भाषा दोनशें वर्षें जुनी ठरणार. शिवाय नव्या काळचे दस्तऐवज, व्यापार, आगगाडी यांचे शब्द त्या ग्रंथांत मिळणें शक्यच नव्हतें. म्हणून पहिल्या पायरीस उत्तम, दुसरीस अपुरी, असाच या पद्धतीविषयीं निर्णय द्यावा लागतो.

समाजानेंही ती आंधळेपणें उचलिली नाहीं. हाईम सामुएल केहिमकर यांच्या पुढाकारानें १८७५ मध्यें मुंबईस इस्राएली शाळा निघाली. तेथें हिब्रू व इंग्रजी दोन्ही आपल्याच छत्राखालीं आलीं. १८८० पासून तर त्याच कथा मराठी कीर्तनांत रंगूं लागल्या. ज्यांस आपण केवळ मिशनचे विद्यार्थी समजतों, त्यांनीं कथा परत आपल्या स्वाधीन करून घेतली होती.

संग्राहकांस या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. समासांत मराठी अर्थ लिहिलेलें जुनें इंग्रजी बायबल किंवा शब्दार्थांची वही हातीं आल्यास धर्मप्रचाराचें बाड म्हणून ती टाकूं नये. 'कॉर्न' पुढें 'मका' लिहिलें आहे कीं 'धान्य', 'मीट' पुढें 'मांस' कीं 'अन्न', हें पाहावें. 'धान्य' व 'अन्न' असेल तर लिहिणारा कथेच्या अर्थावरून शब्दाकडे आला. 'मका' व 'मांस' असेल तर बोलत्या इंग्रजीवरून कथेकडे गेला. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा असल्यामुळें, अर्थांची भाषा त्याशीं ताडून पाहिल्यास कालनिर्णयासही मदत होईल. २६ जुलै २००५ च्या महापुरानें कोंकणांतील कागदांचें आयुष्य किती अनिश्चित आहे हें दाखविलें आहे. अशा वह्या सहसा दप्तरखान्यांत दाखल होत नाहींत. त्या घराघरांतच असतात व घर मोडलें कीं रद्दींत जातात. त्यांची नोंद आधीं व्हावी, मतें मागून बनवावीं.