‘प्रति’ या उपसर्गाचा मोह

विज्ञानविषयक मराठी लेखनात ‘प्रतिऑक्सिडीकारक’ ही संज्ञा रुळली आहे. गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाच्या विवेचनात मात्र ती दिशाभूल करते, आणि याचे मूळ तिच्या उपसर्गात आहे. ‘प्रतिदिन’, ‘प्रतिबिंब’ यांत ‘प्रति’ निरुपद्रवी असतो. रोगाच्या संदर्भात तो विरोध सुचवितो, आणि विरोध करणारे द्रव्य म्हणजेच औषध, असे अनुमान वाचक नकळत काढतो. ‘प्रतिजैविक’ या शब्दाबाबत ते बहुधा खरे ठरते. १९५४ साली पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचे पेनिसिलीन जंतूंचा नाश करी व रोग हटे. त्याच पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतून, ऑक्सिडीभवन म्हणजे लोखंडावरील गंज. लेप दिला की काम भागते. येथील गर्भवतीस ‘वारेला गंज चढतो’ असे कोणी समजाविले, तर तिने तो लेप औषधाच्या दुकानात शोधावा हे ओघानेच आले.

वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. गर्भाशयातील नागमोडी धमन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेचा रक्तपुरवठा अनियमित होतो. मुक्त मूलके वाढतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्तदाब चढतो व लघवीत प्रथिन उतरते. पुण्याच्या भारती विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली अशा स्त्रियांत ऑक्सिडीभवनाच्या खुणा अधिक असल्याचे दाखविले. परंतु खूण म्हणजे कारण नव्हे. लंडनमध्ये १९९९ साली २८३ स्त्रियांवरील प्रयोगात क व ई जीवनसत्त्वांनी आशा दाखविली होती. २००६ साली ब्रिटनमध्येच २,४१० स्त्रियांवर पाहिले, तेव्हा रोग टळला नाही. उलट कमी वजनाची अर्भके अधिक जन्मली. आहारच अपुरा असलेल्या स्त्रियांना तरी लाभ होईल, ही अपेक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या प्रयोगाने फोल ठरविली. त्यात भारतीय स्त्रियाही होत्या. मुक्त मूलके पेशींत निरोप पोचविण्याचेही काम करतात. त्यांना निव्वळ शत्रू ठरविता येत नाही.

‘ताण’ या शब्दाची कथा निराळीच. तो ऐकताच घरची मंडळी ‘फार विचार करू नकोस’ असे सांगून मोकळी होतात! हेल्मुट झीस यांनी १९८५ साली या संकल्पनेची मांडणी केली ती असमतोल या अर्थाने. ‘ऑक्सिडीभवनाचा असमतोल’ हा प्रयोग लांबट खरा. परंतु त्यातून कोणतीही गोळी सूचित होत नाही. जोखीम असलेल्या स्त्रीस अल्प मात्रेतील ॲस्पिरिन, आणि आहारात उणीव असल्यास कॅल्शियम, उपयोगी पडते. पण तेही वैद्यकीय सल्ल्याने. तीव्र डोकेदुखी, अंधुक दृष्टी वा चेहऱ्यावर सूज आल्यास त्याच दिवशी रक्तदाब व लघवी तपासली गेली पाहिजे, आणि दुकानातील ‘प्रति’ने सुरू होणारी बाटली नेमका तोच दिवस खाऊन टाकते.