पायरी कुणाची, पोशाख कुणाचा?

लग्न ठरलेल्या जोडप्याचे लग्नाआधीच फोटो काढून घेण्याची रीत आता परभणी जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांतही पोचली आहे. म्हातारी माणसेसुद्धा तिला ‘प्री-वेडिंग’ याच नावाने ओळखतात. समीक्षेने कथा-कवितेपुरते थांबावे आणि या फोटोंकडे पाहू नये, हे मला मान्य नाही. आपला माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःची प्रतिमा घडवून घेतो आहे. ती प्रतिमा कोणती, हा प्रश्न साहित्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्या काळी लाला दीनदयाळ हे निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवाब, उमराव आणि त्यांचे महाल कॅमेऱ्यात उतरले. आमच्या घरात मात्र पणजोबाचा, आजोबाचा एकही फोटो नाही. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचाही नाही. १९९३ साली मतदार ओळखपत्रे सुरू झाली, तेव्हा आईचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला. तिला प्रथम शासनाने पाहिले, तेही ओळख पटवण्यापुरते. पुढे मावशीच्या मुलींचे फोटो स्टुडिओत निघाले, ते स्थळाकडे पाठवण्यासाठी. मागे बागेचे चित्र रंगवलेला पडदा, पुढे अंग चोरून उभी असलेली मुलगी. पाहणारे परके, नाकारणारेही परके.

म्हणूनच या नव्या रीतीला सरसकट नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. २०१९ साली भोपाळमध्ये गुजराती, जैन आणि सिंधी समाजाच्या संघटनांनी प्री-वेडिंगवर बंदी घातली. आपल्याकडेही अधूनमधून कुणी तशी मागणी करतो. लग्नाआधी मुलामुलीने एकमेकांचा हात धरावा, हे या मंडळींना खुपते. स्त्रीवर पहारा ठेवूनच जात टिकते, हे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले आहे. त्या पहारेकऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहण्याचे कारण नाही. मुलगी स्थळापुढे मान खाली घालून बसत होती, ती आज होणाऱ्या नवऱ्याकडे सरळ पाहते आहे. हा बदल लहान नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. माझ्या मावसभावाचे असे फोटो नुकतेच निघाले. तो औषधाच्या दुकानात कामाला आहे, मुलगी परिचारिका आहे. फोटो सेलू तालुक्यातील वालूरच्या बारवेत काढले. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची ही बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून पुन्हा उजेडात आणली आहे. जागा अतिशय देखणी. पण फोटोत मुलाच्या डोक्यावर सरदारी फेटा, कमरेला भाड्याची तलवार. मुलीच्या अंगावर पेशवाई थाटाची नऊवारी आणि मोत्याची नथ. कुणाचे पूर्वज हे? ज्यांच्या वाड्यापुढून आमच्या आजोबांना पायताण हातात घेऊन जावे लागे, त्यांचाच पोशाख नातवाने तासाच्या भाड्याने अंगावर चढवला होता.

आणि ती बारव! आजी सांगायची, तिच्या गावात आपल्या बायकांनी विहिरीपासून दूर घागर ठेवून थांबायचे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतले जाई, नाही तर उन्हात दुपार व्हायची. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच मनाईविरुद्ध. पाण्याकडे उतरणाऱ्या पायरीवर आपली मुले हक्काने उभी आहेत, याहून मोठा विषय छायाचित्रकाराला कोणता हवा? पण त्याने पायरीचा पडदा करून टाकला. स्टुडिओत बाग रंगवलेली होती, इथे बारव दगडाची आहे, फरक एवढाच. दोषही त्याच्या एकट्याचा नाही. तो आपल्याच वस्तीतला, कर्ज काढून कॅमेरा घेतलेला पोरगा आहे. सुंदर म्हणजे काय, हे तोही सिनेमातल्या राजवाड्यांतूनच शिकला.

या हौसेचे मोलही सांगितले पाहिजे. मावशी आणि काका ऊसतोडीला जातात. लग्नासाठी त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि तिच्यातूनच फोटोचे पैसे गेले. म्हणजे ती तलवार दोन म्हाताऱ्या माणसांच्या कोयत्याने फेडायची आहे. १८७३ साली जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने भटाविना, थोड्या खर्चात लग्न लावले, ते गरिबाच्या मानेवरचे असेच ओझे उतरवण्यासाठी. भट गेला, मुकादम राहिला, असे आपल्या लग्नांचे होऊ नये.

मावसभावाने मला सगळे फोटो दाखवले. त्यांत एक अल्बममध्ये न घेतलेला होता. काम संपले आहे, नथ उतरवलेली, फेटा बाजूला पडलेला. मुलगी खालच्या पायरीवर बसून ओंजळीने तोंडावर पाणी मारते आहे, मुलगा हसत तिच्याकडे पाहतो आहे. ‘हा वाया गेला,’ तो म्हणाला. मी तो मागून घेतला आणि मोठा करून आईला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘पार पाण्यापातूर उतरलीय की पोरगी.’

आईला जे दिसले, ते आमच्या कॅमेऱ्यांना कधी दिसणार?