सहा रेघांचा कान

जपानी भाषेत कानाला ‘मिमी’ म्हणतात. त्याची कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं अक्षर, जपानमधली मुलं पहिलीतच गिरवतात. त्या वर्षीच्या 80 अक्षरांपैकी हे एक. रेघा सहा. आधी वरची आडवी, मग डावीकडची उभी, आत दोन छोट्या आडव्या, तळाशी उजवीकडे किंचित चढत जाणारी लांब रेघ आणि सर्वांत शेवटी उजवीकडची उभी. ही शेवटची रेघ वरून निघते ती थेट चौकटीच्या खाली उतरते. देवनागरीत वळण लागलेल्या हाताला ती ओळखीची वाटते. आपला कानाच तो! निव्वळ योगायोग, पण अक्षर हातात बसतं ते त्यामुळेच.

तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेलं हे कानाचं चित्र होतं. लिहिता लिहिता पाळीचा बाक सरळ रेघांत विरला.

या अक्षराची खरी गोडी मात्र ते दुसऱ्या अक्षरात शिरलं की कळते. शेजारी हात आला की अर्थ होतो ‘घेणं’. शब्द साधा, पण त्याच्या मुळाशी रणांगण आहे: मारलेल्या शत्रूचा कान कापून नेण्याची प्राचीन चिनी रीत. जपानमधल्या क्योतोतही ‘मिमिझुका’, म्हणजे कानांचा ढिगारा, आजही आहे. जपानी सत्ताधीश हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्यांतून आणलेली, खरं तर नाकं, तिथे पुरलेली आहेत. हे कळल्यावर ते ‘घेणं’ सहज गिरवता येत नाही.

बोलीत हाच कान घरगुती होतो. पावाची कड म्हणजे ‘पावाचा कान’. ऐकू कमी येणाऱ्याचा कान ‘दूर’ असतो. स्वतःबद्दलचं बोचरं सत्य ऐकलं की ‘कान दुखतो’. तेच तेच ऐकून आपले कान किटतात, जपानी माणसाच्या कानाला घट्टा पडतो.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘किकु’. दाराच्या दोन फळ्यांमध्ये कान. दार जुना उच्चार सुचवतं, कान अर्थ देतो: ऐकणं. ‘नवं’ आणि हे अक्षर मिळून ‘शिंबुन’, म्हणजे वर्तमानपत्र. पण ‘किकु’चा आणखी एक अर्थ आहे: विचारणं. आपल्याकडे विचारणं तोंडाचं काम. या अक्षरात ते कानाचं आहे. ज्याला उत्तर ऐकायचंय त्यानेच प्रश्न विचारावा, हे त्याने मला शिकवलं. कांजी शिकायला घ्याल तेव्हा हे अक्षर नुसतं पाठ करू नका; त्याचं ऐका.