वीरत्वाचा नाद : ‘सैराट’ची ध्वनिमुद्रिका

अतिमानवी नायकांच्या चित्रपटांत वाद्यवृंदाकडे एक ठरलेले कार्य असते : पडद्यावरील व्यक्ती असामान्य आहे, हे तिच्या पराक्रमापूर्वीच श्रोत्याच्या मनावर ठसविणे. रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’साठी (१९७८) जॉन विल्यम्स यांनी रचलेली व लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजविलेली धून हे त्याचे ठळक उदाहरण होय. तीत एक अशी लकेर येते की, तिच्यावर नायकाचे त्रि-अवयवी नाव (सु-पर-मॅन) नेमके बसते. शब्द उच्चारला जात नाही. तरी नामकरण होते. भाषाभ्यासकाने थांबून ऐकावे असे हे स्थळ आहे.

मराठीत या घाटाचे वाद्यवृंदीय संगीत घरोघरी पोहोचले ते नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मुळे (२०१६). त्यातील सिंफनी वाद्यमेळ अजय-अतुल यांनी अमेरिकेत, सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. येथील नायक मात्र उडत नाही. तो करमाळ्याकडील एका मासेमाराचा मुलगा असून त्याचा पराक्रम गावच्या क्रिकेटपुरता आहे. अशा मुलामागे शेकडो तारांचा हा डोलारा कशासाठी, असा आक्षेप संभवतो. परंतु तो मला मान्य होत नाही. परशा विहिरीकडे धावतो तेव्हा व्हायोलिनांची भरती त्याला जे देते, ते त्याच्या समाजाने त्याला कधीच दिलेले नसते. जातीच्या उतरंडीत ज्याला थोरपणाचा अधिकार नाही, त्याला तो नादाने बहाल केला जातो. हे अलंकरण नव्हे, विधान आहे.

आणि त्या नादावर शब्द कोणता, तर ‘याड’! प्रमाण भाषेतील ‘वेड’ नव्हे. आरंभीच्या ‘वे’चे तालव्य ‘य’कडे झुकणे आपल्या वऱ्हाडी कानाला नवे नाही, ‘वेळ’चे ‘येळ’ आपण रोज ऐकतो. सिंफनीच्या प्रतिष्ठेशेजारी बोलीचे हे रूप संकोच न करता उभे राहते, यात या ध्वनिमुद्रिकेचे खरे बळ आहे. ‘सैराट झालं जी’ मधील ‘जी’देखील शाहिरी परंपरेतून आलेला आहे. ‘धडक’ (२०१८) या हिंदी रूपांतरात त्याच संगीतकारांनी ‘याड लागलं’ची चाल ‘पहली बार’साठी वापरली. स्वर तेच, भव्यता तीच. परंतु बोली गेली आणि तिच्यासह ताणही गेला. उरले एक सुश्राव्य प्रेमगीत. (‘झिंगाट’विषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. ते वरातींनी केव्हाच आपलेसे केले आहे, आणि तेथे त्याला व्हायोलिनांची उणीव भासत नाही.)

तथापि ध्वनिमुद्रिका ही स्वतंत्र कृती मानून ऐकली, तर तिची मर्यादा लपत नाही. तीत चार गाणी आहेत व ती चारही चित्रपटाच्या पूर्वार्धातील आहेत. पळून गेलेले जोडपे हैदराबादेत संसार मांडते, तेव्हा त्यांच्या वाट्याला गाणे येत नाही. अखेरीस तर दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतला आहे : रक्ताने माखलेली लहान पावले उमटत जातात, आणि रडणेसुद्धा ऐकू येत नाही. वाद्यवृंदाने दिलेले वीरत्व समाजाने परत घेतले, हे सांगणारी ही निःशब्दता ध्वनिमुद्रिकेत मुद्रित होऊ शकत नाही. म्हणून केवळ गाणी ऐकणाऱ्याच्या हाती देणगी येते, तिची वसुली येत नाही. लग्नमंडपात ही गाणी इतक्या निर्धास्तपणे वाजतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.